कुंपण आणि शेत

फरीदाबादच्या चार नंबरमधील आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारी एका रविवारी सकाळी एक गृहस्थ आले. आमची कन्या ज्या शाळेत जाते त्याच शाळेत त्यांचीही दोन मुले शिकतात. शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांचे प्रतिनिधी निवडावयाचे होते व हे गृहस्थ त्या निवडणुकीस उभे होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीतील तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. परंतु त्यांकरिता कोणी दारोदार हिंडल्याचे आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. सभेस जे हजर राहतात त्यांच्याच गळ्यात बहुधा माळ पडते. हे गृहस्थ मात्र हिंडत होते. त्यांच्या हाती एक निवेदन होते. त्याखाली त्यांस आमची सही हवी होती आणि सभेत आमचे मत.

निवेदनात तीन मागण्या होत्या. विज्ञानाच्या पुस्तकात किशोरावस्थेतील शारीरिक बदलांवर जे प्रकरण आहे ते वर्गात शिकवू नये, ही पहिली. शाळेच्या ग्रंथालयात येणारी प्रत्येक पुस्तकाची यादी आधी पालकांस दाखवावी, ही दुसरी. आणि मूल शाळेत का येत नाही याची चौकशी करण्यास शिक्षकांनी घरी येऊ नये, कारण आपल्या मुलाचे हित आईबाप जाणतात, ही तिसरी. तिन्ही मागण्यांचे मूळ एका वाक्यात होते व ते वाक्य त्यांनी पुनःपुन्हा उच्चारले : मूल आमचे आहे, सरकारचे नव्हे.

गृहस्थ सौम्य व सज्जन होते. त्यांचे आजोबा बन्नूहून आलेले. सरहद्द प्रांतातून उखडल्या गेलेल्या निर्वासितांची वसाहत म्हणून १९४९ पासून हे नवे फरीदाबाद उभे राहिले. त्या लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी बांधली. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची नई तालीम या वसाहतीत आणण्याचा प्रयत्नही त्या काळी झाला होता. म्हणजे मुलांनी काय शिकावे व ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या गावाच्या पायाइतकाच जुना आहे. ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या आजोबांचे घर गेले, जमीन गेली, दुकान गेले. घरात जे शिकवले होते तेवढेच बरोबर आले. तेवढे तरी आमच्या हाती राहू द्या." या बोलण्यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारकुनास प्रत्येक कागद विचारार्थ ठेवण्याची सवय असते. परंतु या वेळी विचार खरोखरच करावयाचा होता.

आपल्यासारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्यांस हे वाक्य परके वाटण्याचे कारण नाही. आम्हीही रोज संध्याकाळी कन्येस मराठी पुस्तकातील एक पान वाचावयास लावतो. शाळेत हिंदी व इंग्रजी, गल्लीत हरियाणवी व पंजाबी. या सगळ्यांत आमच्या घरची भाषा एका दिव्यासारखी, तेही वाऱ्यावर ठेवलेल्या. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने मुलांशी घरी मराठी बोलू नका असे फर्मान काढले, तर आम्हीही त्या गृहस्थांचेच वाक्य उच्चारू व तेही अधिक मोठ्याने.

वस्तुतः या वाक्याच्या बाजूने जगाची साक्ष लहान नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सव्विसाव्या कलमाने शिक्षण सक्तीचे असावे असे म्हणतानाच, मुलांस कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावयाचे हे निवडण्याचा पहिला अधिकार मातापित्यांस दिला. त्या वेळी जर्मनीची आठवण ताजी होती. तेथे १९३६ च्या कायद्याने देशातील सारे तरुण हिटलरच्या युवक संघटनेत गोवले गेले आणि १९३९ मध्ये ती भरती सक्तीची झाली. सरकारने मूल घरातून उचलले म्हणजे काय होते, हे जगाने पाहिले होते. त्यापूर्वीच अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द ठरविला, कारण मूल हे केवळ राज्याचे अपत्य नव्हे.

आपल्या घटनेनेही हे कुंपण घातले आहे. सरकारमान्य शाळेत कोणासही धार्मिक शिक्षण सक्तीने देता येत नाही. मूल अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. १९५६ मध्ये घटनेत आलेल्या कलम ३५०-क ने भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांस सांगितले. बेळगावकडील मराठी माणूस आपल्या मुलाच्या शाळेकरिता भांडतो तेव्हा त्याचा एक आधार हाच असतो. १९८६ साली केरळातील तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांस शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांस परत घ्यावयास लावले. कर्नाटक शासनाने १९९४ साली पहिली ते चौथीपर्यंत मातृभाषा वा कन्नड हेच माध्यम ठरविले, तेव्हा २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा मानला. त्या निकालाचा लाभ बहुतांशी इंग्रजीस झाला व आमच्या मनास ते रुचले नाही. परंतु जो हक्क आपल्यास आवडणाऱ्या गोष्टीपुरताच मान्य, तो हक्क कसला?

इतके वाचून झाल्यावर आम्ही सही करावयाच्या बेतात होतो. परंतु मनात एक जुनी आठवण डाचत होती, व महाराष्ट्राचा इतिहास हाती धरला तेव्हा ती अधिकच डाचू लागली.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले की, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे राज्यास लागू केला. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अत्यंत सौम्य असे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्ती आणली व मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. रुपयास त्या काळी किंमत होती. त्या रुपयामागे एक विचार होता : मूल शाळेत न पाठविणे ही बापाची खाजगी बाब नव्हे.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस सक्ती करण्याची मुभा मिळाली व पुण्यात प्रश्न उभा राहिला. सक्ती मुलगे व मुली दोघांस एकदमच लागू करावी, की आधी मुलग्यांस? १९२० च्या आरंभी हा वाद शिगेस पोहोचला. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रिया रस्त्यावर आल्या. लोकमान्य टिळक दुसऱ्या पक्षात होते. पैसा अपुरा आहे, मुलग्यांचेच आधी होऊ द्या, मुलींस सक्ती करण्यास लोकांची तयारी नाही, असा त्या पक्षाचा युक्तिवाद होता. जाहीर सभेत लोकमान्यांस श्रोत्यांचा रोषही सोसावा लागला, ही गोष्ट पुण्यास अपूर्वच होती.

लोकमान्यांविषयी आमच्या मनातील आदर या कथनाने उणा होत नाही. पैसा खरोखरच अपुरा होता. परंतु त्या युक्तिवादातील 'लोकांची तयारी' या शब्दांपाशी आम्ही थांबलो. हे लोक कोण? बाप, आजोबा, सासरे. ज्यांच्यावर सक्ती व्हावयाची त्या सात-आठ वर्षांच्या मुलींची तयारी होती की नव्हती, हे कोणी विचारल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. रमाबाई मात्र त्या बाजूस का उभ्या राहिल्या, हे त्यांचे आत्मकथन वाचलेल्यास सांगावे लागत नाही. न्यायमूर्तींनी त्यांस शिकविण्यास घेतले तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा केवढा जाच त्यांनी सोसला! घराचे अधिकार काय असतात, हे त्या परवडीतून शिकल्या होत्या.

आमची आठवण आता सांगतो. आमची आई सातारा जिल्ह्यातील एका लहान गावची. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडच्या गावी होती. आजोबा कठोर नव्हते. लेकीवर त्यांचा जीव होता. परंतु वयात येऊ लागलेल्या मुलीने रोज नदी ओलांडून जावे हे त्यांस पटेना. गुरुजी एकदा घरी येऊन गेले. आजोबांनी त्यांस चहा दिला व सांगितले, "मुलगी माझी आहे, मी बघतो." गुरुजी पुन्हा आले नाहीत. पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ असलेल्या त्या मुलीचे शिक्षण तेथे संपले. पुढे आम्ही नोकरीच्या परीक्षेसाठी अंकगणित घोटत असू, तेव्हा आमचे कागदावरचे उत्तर येण्याआधी चुलीपाशी बसलेल्या आईचे तोंडी उत्तर येई. ती परीक्षा आम्ही दिली. आज ज्या नोकरीवर आमचे घर चालते ती नोकरी, मधली नदी नसती तर, कदाचित तिचीच झाली असती.

त्या आठ दिवसांत आम्ही तिला दूरध्वनीवर विचारले, "आजोबांचं चुकलं असं तुला वाटतं का?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. नदीला पूर यायचाच. पण मला कुणी विचारलं नाही."

'मुलगी माझी आहे' हे आजोबांचे वाक्य आणि 'मूल आमचे आहे' हे त्या गृहस्थांचे वाक्य, दोन्ही एकच. मग हेच वाक्य जर्मनीपुढे उच्चारले असता न्याय्य वाटते व आमच्या आईपुढे उच्चारले असता अन्याय्य का वाटते? आमच्या अल्पमतीस जे उत्तर सापडले ते असे. हे वाक्य कोणाकडे तोंड करून उच्चारले जाते यावर त्याचा न्याय ठरतो. पालकाचा अधिकार म्हणजे शेताभोवतीचे कुंपण. बाहेरची गुरे आत येऊ नयेत म्हणून ते घालावयाचे. सरकार, पक्ष, पंथ, बाजार यांनी मुलाचे मन तुडवू नये म्हणून आईबापांस हा अधिकार दिला आहे; तो त्यांच्या सुखासाठी दिलेला नाही. कुंपणाचे तोंड बाहेर असते. ते आत वळले, आणि ज्याच्या रक्षणाकरिता ते घातले त्याच्याच वाटा अडवू लागले, म्हणजे कुंपणच शेत खाते, ही आपली जुनी म्हण खरी होते. मग ते कुंपण सरकारचे असो वा बापाचे.

कोणी म्हणेल, हे बोलावयास सोपे. परंतु कुंपण केव्हा राखते व केव्हा खाते, हे ओळखावे कसे? शंका रास्त आहे. प्रत्येक शिकवणीत थोडी सक्ती असतेच. आमच्या कन्येस रोजचे मराठी पान मनापासून आवडते असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु एक कसोटी आम्हांस उपयोगी वाटते. मोठेपणी मूल आपला निर्णय फिरवू शकेल काय? मराठी शिकलेली मुलगी पुढे मराठी वाचावयाचे नाही असे ठरवू शकते. पुस्तक मिटणे तिच्या हाती आहे. पण न शिकलेली मुलगी पुढे शिकलेली व्हावयाचे ठरवू शकत नाही; निदान गेलेली वर्षे तिला परत मिळत नाहीत. आईबाप जे घालतात त्यात चूक झाली तरी ती बहुधा पुसता येते. जे वगळतात त्याची भरपाई कठीण. म्हणून देण्याच्या बाबतीत पालकास मोठी मोकळीक असावी आणि नाकारण्याच्या बाबतीत त्याने स्वतःस दहादा विचारावे.

या कसोटीवर आम्ही त्या निवेदनाकडे पुन्हा पाहिले. ग्रंथालयाची यादी पालकांस दाखविण्यात आम्हांस काही वावगे दिसले नाही. पाहणे म्हणजे गाळणे नव्हे. शिक्षकाने घरी येऊ नये ही मागणी आम्हांस मान्य होणे अशक्य होते. तो गुरुजी दुसऱ्यांदा आला असता तर! फुल्यांच्या चरित्रात हाच प्रसंग निराळ्या शेवटाने आहे. वडील गोविंदरावांनी लहानग्या जोतीस शाळेतून काढून मळ्यात लावले होते. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघा परिचितांनी त्यांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्या वेळी ना कायदा होता ना दंड. दोघांनी एका बापाच्या घरात तोंड घालण्याचे धाडस केले व त्या बापाने ऐकून घेण्याचा मोठेपणा दाखविला, एवढेच. आजच्या शिक्षणहक्क कायद्यानेही मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु ते न करणाऱ्यास दंड ठेवलेला नाही. म्हणजे आजही सारी भिस्त दार ठोठावणाऱ्या शिक्षकावरच आहे.

राहिले ते प्रकरण. येथे आम्हांस आमचीच झाडाझडती घ्यावी लागली. शारीरिक बदलांविषयी आम्ही घरी सांगू, शाळेने त्यात पडू नये, असा या विरोधाचा आधार असतो. २००७ साली महाराष्ट्रातही अशाच विरोधामुळे शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले होते. परंतु घरी ते सांगितले जाते काय? आम्ही पत्नीस विचारले, तू कन्येस काही सांगितलेस का? ती म्हणाली, मला वाटले अजून लहान आहे. आम्ही तर हा विषय आपला नव्हेच असे मानून चाललो होतो. पदवीधर आईबापांच्या घरात बारा वर्षांच्या मुलीशी या विषयावर एक अक्षर बोलले गेले नव्हते! जे कर्तव्य आम्ही केलेच नाही, त्याचा अधिकार मात्र आम्ही सहीनिशी मागणार होतो. आणि मौन नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. मुलांवरील अत्याचारांविरुद्ध २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. असे अत्याचार करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. काय घडले हे सांगावयास ज्या मुलाजवळ शब्दच नाहीत, त्याच्याभोवती कुंपण कितीही उंच असले तरी काय उपयोग?

आणि मग ध्यानात आले की, आईचे वाक्य ऐकूनही आम्ही तेच करीत होतो. सारी चर्चा त्या गृहस्थांची, आमची व पत्नीची चालली होती; जिच्याविषयी चालली तिला कोणी विचारले नव्हते. १९८९ च्या बालहक्क संहितेने स्वतःच्या बाबतीत मत सांगण्याचा हक्क मुलास दिला असून भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे. आमच्या घरी ती पोहोचण्यास बराच विलंब झाला. रात्री जेवताना आम्ही कन्येस, शक्य तितक्या सहज स्वरात, विचारले. ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, पुस्तकं मिळाली त्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी ते वाचलंय. फक्त विचारायला कुणी नाहीये."

ठरल्या दिवशी ते गृहस्थ आले. आम्ही चहा मागविला व निवेदन सही न करता परत दिले. ते प्रकरण शिकविण्यापूर्वी पालकांस कळवावे, आयांची एक बैठक घ्यावी, मुलींस बाईंनी शिकवावे, अशी मागणी असेल तर पहिली सही आमची, असे आम्ही सांगितले. आजोबांची गोष्टही सांगितली. ते ऐकून घेत होते. पटले असे म्हणाले नाहीत. निघताना म्हणाले, "तुमच्या आजोबांनी प्रेमापोटीच केले ना?" आम्ही म्हणालो, "होय, प्रेमापोटीच." यापेक्षा अधिक काही बोलण्यासारखे दोघांपाशीही नव्हते.

सभेत ते निवडून आले. आमचे मत त्यांस नव्हते. तरी हे नमूद करणे न्याय्य होईल की, शाळेतील पिण्याच्या पाण्याचे बंद नळ त्यांनी पाठपुरावा करून महिन्याभरात सुरू करून घेतले. आमच्यासारख्या लेखणीबहाद्दराकडून ते झाले नसते. ते प्रकरण पालकांस आगाऊ सूचना देऊन शिकविले गेले. त्या दिवशी त्यांची मुले वर्गात होती की नव्हती, हे आम्ही विचारले नाही.

मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर अखेर आम्हांस असे दिसते की, ते कोणाचेच नाही. ते आपल्याकडे काही वर्षे ठेवावयास दिले आहे. सरकारी नोकराने या विचारास बिचकू नये. क्वार्टर आपली नसते, तरी तिची निगा आपण राखतो, आणि मुदत संपली म्हणजे किल्ली ज्याची त्यास परत देतो. मुलाच्या बाबतीत ती किल्ली घ्यावयास एके दिवशी ते मूलच दारात उभे राहते. त्या दिवशी घरातील किती खोल्या आपण उघड्या ठेवल्या होत्या, याचा हिशेब आपणांस द्यावा लागेल.